टोळ्या निघण्याआधी शाळेने काय करावे

धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांचे सप्टेंबर ते नोव्हेंबरचे कार्यक्रम साधारण ठरलेले असतात. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन, २ ऑक्टोबरला गांधी जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, मधे घटस्थापना आणि दसरा, पहिल्या सत्राची संकलित चाचणी, दिवाळीची सुट्टी, मग १४ नोव्हेंबरचा बालदिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि त्यानंतर स्नेहसंमेलनाची तयारी. या यादीत एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते, आणि अनेक शाळांच्या वर्षावर सर्वांत मोठा परिणाम तिचाच होतो. ती म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्यांचे गाव सोडणे. कळंब, वाशी, भूम, परंडा या बालाघाटाच्या कडेच्या तालुक्यांतल्या कित्येक वाड्यावस्त्यांवर दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा काही बाक रिकामे असतात. हजेरीपटावर ती मुले असतात, वर्गात नसतात. पालकसभा, दाखल्यांची जुळवाजुळव, परीक्षांचे अर्ज, वसतिगृहाचा प्रस्ताव ही सगळी कामे आपण ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून पुढे ढकलतो, आणि ज्यांच्यासाठी ती करायची ते पालक तोवर कोल्हापूर-सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या फडात पोहोचलेले असतात. म्हणून या लेखातले सांगणे एकच आहे. शाळेने आपली महत्त्वाची कामे दिवाळीच्या नव्हे, टोळ्यांच्या निघण्याच्या हिशेबाने लावावीत, आणि त्यासाठी १७ सप्टेंबर आणि २ ऑक्टोबर या दोन तारखांचा आधार घ्यावा.

दिवाळीचा आधार का चालत नाही, हे गेल्या काही वर्षांच्या तारखाच दाखवतात. २०२३ मध्ये राज्यातला गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले, म्हणजे धुराडी पेटली तेव्हा दिवाळी व्हायचीच होती. २०२४ मध्ये सरकारने हंगामासाठी १५ नोव्हेंबर ठरवला आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरलाच होऊन गेले. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि हंगाम १ नोव्हेंबरपासून. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरपर्यंत लांबते. सण चंद्राच्या गतीने चालतो आणि कारखाना मंत्री समितीच्या निर्णयाने. दोघांची गाठ कधी पडते, कधी पडत नाही. त्यातही टोळी बॉयलर पेटण्याची वाट पाहत बसत नाही. मुकादमाचा निरोप आला की ट्रक लागतो, कारण आधी पोहोचून कोप्या उभ्या कराव्या लागतात. परतण्याची तारीख तर त्याहून अनिश्चित. २०२१-२२ च्या हंगामात ऊस इतका होता की गाळप जूनपर्यंत रेंगाळले, तर काही हंगाम मार्चमध्येच आटोपले. म्हणजे मूल साधारण किती महिने बाहेर राहील, हेही शाळेला आधी सांगता येत नाही. ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत त्यांवर वेळापत्रक टांगण्यापेक्षा न हलणाऱ्या तारखा धरणे शहाणपणाचे.

१७ सप्टेंबर हा तसा दिवस आहे. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थान भारतात आले, आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक गावात शाळेच्या पटांगणावर किंवा ग्रामपंचायतीसमोर झेंडा लागतो. त्या सकाळी गावातली माणसे गावातच असतात. सोयाबीन अजून पुरते वाळलेले नसते, काढणीची घाई पुढच्या पंधरवड्यात सुरू होणार असते, आणि मुकादमाकडून उचल घेतलेल्या किंवा घेणार असलेल्या घराला आपण जाणार की नाही हे बहुधा ठाऊक झालेले असते. झेंडावंदन उरकून मुलांना खाऊ देऊन घरी पाठवण्याऐवजी पालकांना तासभर बसवून घ्यावे. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक त्याच दिवशी लावावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. ही तरतूद अनेक ठिकाणी सहीपुरती उरली आहे, पण स्थलांतराच्या प्रश्नावर या महिला सदस्यांइतकी माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते. कोणत्या घरी म्हातारी माणसे मागे राहणार, कोणत्या घरी कुलूप लागणार, कोणाची थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला नेली जाणार, हे त्यांना विचारावे.

विचारण्याचीही एक रीत आहे. ‘यंदा तुम्ही जाणार का?’ असे भरसभेत विचारले तर खरे उत्तर येत नाही. उचल किती घेतली, कोणाची फिटली नाही, हा घराचा नाजूक विषय असतो आणि तो शाळेचा विषय नाही. शाळेला लागते ती माहिती वेगळी: कोणत्या कारखान्याच्या भागात जाणार, कोणाबरोबर जाणार, कोणते मूल बरोबर नेणार, कोणते ठेवणार, ठेवले तर संध्याकाळचे जेवण कोण करून घालणार, आणि बोलायला कोणाचा मोबाइल चालू असेल. ही माहिती शिक्षकांनी सभेनंतरच्या आठवड्यात घरोघर जाऊन घ्यावी. गेल्या वर्षीची यादी पुढे ओढून चालत नाही, कारण जाणारी घरे दरवर्षी तीच नसतात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा, भूम, कळंब भागांत उभी पिके पाण्याखाली गेली, कुठे पिकाखालची मातीही वाहून गेली. अशा वर्षी आजवर कधी कोयता हातात न घेतलेले घरही उचल घेऊ शकते. उलट एखादे साल चांगले गेले तर नेहमी जाणारे घर थांबते. ताजी यादी नसेल तर पुढचा प्रत्येक निर्णय अंदाजावर होतो.

यादी हातात आली की दुसरी तारीख कामाला येते. २ ऑक्टोबरला आपल्याकडे ग्रामसभा भरते, आणि बहुतेक ठिकाणी तिच्यात शाळेचा विषय शेवटी दोन वाक्यांत उरकतो. तिथे हंगामी वसतिगृहाचा ठराव व्हावा. समग्र शिक्षा योजनेखाली चालणारे हे वसतिगृह म्हणजे मोठी इमारत नव्हे. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांची गावातच, शाळेच्या आधाराने, राहण्या-जेवण्याची सोय असे त्याचे रूप आहे. दुपारचे जेवण पोषण आहारातून मिळतेच, प्रश्न असतो सकाळ-संध्याकाळचा. या वसतिगृहांची मंजुरी उशिरा येते, पैसे त्याहून उशिरा येतात, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. पण तिचा एक भाग आपल्या बाजूचाही आहे. प्रस्तावाला मुलांची नावे, पालकांची संमती, समितीचा ठराव लागतो, आणि हे सगळे दिवाळीनंतर गोळा करायला घेतले तर संमती द्यायला पालकच गावात नसतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण कागद गटशिक्षणाधिकारी कार्यालयात पोहोचला तर पाठपुराव्याला निदान तीन-चार आठवडे मिळतात. मंजुरी येईपर्यंतच्या मधल्या दिवसांचे जेवण कसे भागवायचे, हेही त्याच ग्रामसभेत ठरवावे. गावातल्या बचतगटाने शिधा घेऊन स्वयंपाकाची जबाबदारी उचलणे हा एक मार्ग आहे. आजीच्या हाती महिन्याचा शिधा देणे हा दुसरा, आणि जिथे मुले मोजकीच आहेत तिथे तोच बरा. सामाजिक न्याय विभागाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली. माध्यमिक वर्गांतल्या मुलांसाठी आपल्या तालुक्याला तिचा लाभ मिळतो का, याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात सप्टेंबरमध्येच करावी.

आता कागदांचा विषय, जो ऐकायला रुक्ष आहे आणि ज्यात दरवर्षी हुशार मुलांचे नुकसान होते. आठवीतल्या मुलांसाठीची एनएमएमएस परीक्षा साधारण डिसेंबरअखेर होते. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात, आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे अशी अट आहे. ऊसतोड मजुराचे मूल या अटीत बसते, शाळेत तयारीही करून घेतली जाते, पण उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला पालक लागतो, बँकेच्या खात्याला पालकाची सही लागते, आधारवरच्या नावात चूक असेल तर केंद्रावर त्याला बरोबर जावे लागते. नोव्हेंबरमध्ये हे आठवले तर तो पालक दोनशे किलोमीटर दूर असतो आणि एका दिवसाचा खाडा त्याला परवडत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जांचेही तेच. नवोदयची गोष्ट आणखी वेगळी आहे. आपल्या जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय तुळजापूरला आहे, आणि सहावीच्या प्रवेशासाठी मुलाने पाचवीचे पूर्ण वर्ष याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेले असावे लागते. त्यामुळे पाचवीतल्या मुलाला बरोबर न्यायचे की मागे ठेवायचे हे ठरवताना पालकांना ही अट माहीत असायला हवी. ती सांगणे शिक्षकाचे काम आहे, आणि सांगण्याची वेळ ट्रक दाराशी उभा राहण्याआधीची. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तलाठी आणि सेतू केंद्रचालक यांना एक दिवस शाळेत बोलावून आठवी आणि पाचवीच्या मुलांचे दाखल्यांचे अर्ज एकत्र भरून घेतले तर निम्मी दगदग वाचते. शिवाय २०२३ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पुनर्परीक्षेतही अपयश आले तर मूल त्याच वर्गात राहते. पूर्वी अर्धे वर्ष बुडाले तरी वरचा वर्ग मिळत होता, आता या दोन वर्गांत तसे धरून चालता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळे पोट भरलेल्यांचे सांगणे आहे. ज्या घरावर उचल आहे, ज्याची दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन खर्चही भरून देत नाही, त्याला शाळेच्या तारखा सांगून काय उपयोग? आक्षेपात तथ्य आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि दोघे पहाटेपासून फडात असताना तान्हे मूल कोपीत कोणाजवळ राहणार, हा खरा प्रश्न असतो. थोरली मुलगी त्यासाठीच नेली जाते. आईबापांना शिक्षण नको असते म्हणून ती जाते, असे समजणे अन्यायाचे आहे. पण म्हणूनच शाळेने मुलीला ठेवा एवढा उपदेश करून थांबू नये. धाकट्याची सोय काय, हे आधी विचारावे. आजी-आजोबा दोन्ही मुलांना सांभाळू शकत असतील तर अंगणवाडीत धाकट्याचे आणि शाळेत थोरलीचे नाव, आणि घरात शिधा, एवढ्याने प्रश्न सुटू शकतो. जिथे आजी-आजोबाही थकलेले आहेत तिथे चुलती किंवा मावशीचे घर पाहावे लागते. प्रत्येक घराचे उत्तर वेगळे निघते, आणि ते शोधायला वेळ लागतो. गरिबी शाळेला दूर करता येत नाही, पण गरिबीमुळे घाईत होणारा निर्णय थोडा सवडीने करता येईल एवढी जागा शाळा नक्की तयार करू शकते.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो हलका घेऊ नये. सहा-सात वर्षांच्या मुलाला पाच महिने आईपासून तोडणे योग्य आहे का? सगळ्याच मुलांसाठी नाही. पहिली-दुसरीतले मूल, आजारी मूल, मागे सांभाळायला कोणी नसलेले मूल आईबरोबरच जावे, आणि शाळेने ते मान्य करून पुढची व्यवस्था करावी. कायदा इथे मुलाच्या बाजूने स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य सांगितले आहे, आणि वर्षाच्या मध्यात आला म्हणून किंवा कागद नाही म्हणून कोणत्याही शाळेला मुलाला परत पाठवता येत नाही. त्यासाठी दाखला काढून नाव कमी करण्याची गरज नाही. हंगामापुरते जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यावे. मूल कोणत्या वर्गात आहे आणि त्याला काय येते याची नोंद पालकाच्या हाती राहते, आणि तिकडच्या शाळेत ते दाखवता येते. कार्डाबरोबर पाठ्यपुस्तके, दोन वह्या आणि शिक्षकाचा फोन नंबर द्यावा. पालकाला एवढे तोंडपाठ सांगावे की कोपी टाकल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या शाळेत जायचे, तिथे कोणी नाही म्हटले तर त्याच जागेवरून गावच्या गुरुजींना फोन लावायचा. दोन मुख्याध्यापकांचे एकदा फोनवर बोलणे झाले की बहुतेक अडचणी तिथेच मिटतात.

हीच बाजू उलटूनही पाहिली पाहिजे, कारण आपला जिल्हा मजूर पाठवतो तसा घेतोही. ढोकीचा तेरणा, केशेगावचा आंबेडकर, रांजणीचा नॅचरल शुगर अशा कारखान्यांच्या परिसरात हंगामात बाहेरून टोळ्या येऊन उतरतात. त्यांच्या कोप्यांजवळच्या शाळांसाठी नोव्हेंबर हा मुले कमी होण्याचा नव्हे, वाढण्याचा महिना असायला हवा. ही मुले आपणहून शाळेत येणार नाहीत. हंगाम सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात शिक्षकांनी, बालरक्षकांनी आणि समितीच्या सदस्यांनी कोप्यांवर फेरी मारावी, संध्याकाळी, जेव्हा आईबाप फडातून परतलेले असतात. पाहुण्या मुलालाही पोषण आहार मिळाला पाहिजे आणि वर्गात बसायला जागाही. ‘चार महिन्यांनी जाणारच आहेत’ असे म्हणून त्यांना मागे बसवणारा आपला शिक्षक, आपल्या गावच्या मुलाला सांगलीत नीट वागवले जावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार? कारखान्याच्या शेतकी विभागाकडे कोणती टोळी कुठे उतरली याची माहिती असते, ती शाळेने मागून घ्यावी.

मुलींबद्दल वेगळे बोलावे लागेल. तुळशीची लग्ने लागली की लग्नसराई सुरू होते, आणि नेमक्या त्याच सुमारास टोळ्या बाहेर पडतात. वयात आलेली मुलगी मागे एकटी कशी ठेवायची, आणि फडावर उघड्यावर कशी न्यायची, या दोन भीतींच्या मधे अडकलेले आईबाप तिचे लग्न लावून मोकळे होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले, आणि मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांचे आकडे याहून बरेच वर आहेत. म्हणून सप्टेंबरच्या यादीत सातवी ते दहावीच्या मुलींसाठी वेगळा रकाना असावा: ही मुलगी कुठे राहणार, तिच्याजवळ रात्री कोण असणार, शाळेला येण्याचा रस्ता कसा आहे. सुरक्षित राहण्याची जागा मिळाली तर लग्नाची घाई टळण्याची शक्यता वाढते. धमकी देण्यापेक्षा हा मार्ग अधिक लांब नेणारा आहे. तरीही लग्न ठरल्याचे कळले तर गप्प बसू नये. ग्रामीण भागात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ या क्रमांकावर कोणालाही कळवता येते.

शिक्षक म्हणतील, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती, चाचण्या, यात हे कधी करायचे? त्यांच्यावरचा भार खरा आहे, आणि तो कमी व्हावा ही मागणी रास्त आहे. पण यातले बहुतेक काम ते आजही करतातच, फक्त नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, बंद फोनवर रिंग देत आणि कुलूपबंद दारांवरून परत येत. तेच काम सप्टेंबरात केले तर एका फेरीत होते. दुसरे असे की काही कार्यक्रमांना पुढे-मागे सरकवण्याची मोकळीक शाळेला आहे. डिसेंबर-जानेवारीतले स्नेहसंमेलन टोळीवर जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला कधीच येत नाही. त्याची आई त्याला रंगमंचावर कधीच पाहत नाही. पावसाची धास्ती असते म्हणून मोठे संमेलन सप्टेंबरात होणार नाही, हे मान्य. पण १७ सप्टेंबरच्या सभेआधी मुलांचा अर्धा-पाऊण तासाचा कार्यक्रम, किंवा घटस्थापनेनंतर मुलींचा भोंडला, एका खोलीतही होतो, आणि आपल्या मुलाला पाहायला आलेला पालक सभेलाही थांबतो. पुस्तकपेटीतली पुस्तके जाणाऱ्या मुलांना हंगामभरासाठी घरी नेऊ देण्याचा निर्णयही समितीने याच सभेत घ्यावा. पुस्तके हरवतील, फाटतील, एखाद्या कोपीत भिजतीलही. तेवढे नुकसान शाळेने सोसावे. टोळी वाचन प्रेरणा दिनापर्यंत थांबणार नसेल तर तोही तिच्या निघण्याच्या बेताने चार दिवस अलीकडे घ्यायला हरकत नाही.

टोळ्या गेल्यावरचे काम थोडे आहे, पण ते एका माणसाच्या नावावर असले पाहिजे. दर पंधरा दिवसांनी एक फोन, मूल तिकडच्या शाळेत जाते का एवढीच विचारपूस, आणि मागे राहिलेल्या मुलाचे आईबापांशी बोलणे करून देणे. रविवारी संध्याकाळी शाळेतला एखादा फोन त्यासाठी मोकळा ठेवावा. परत आलेल्या मुलाला थेट वार्षिक परीक्षेला बसवण्याआधी त्याची वाचन-गणिताची पातळी पाहून दोन-तीन आठवडे वेगळा वेळ द्यावा, आणि त्यासाठी लागणारा शिक्षकाचा तास फेब्रुवारीच्या वेळापत्रकातच राखून ठेवावा, कारण टोळी कधी परत येईल हे कारखाना कोणालाही आधी कळवत नाही.